रॉड पेशीच्या चकत्या जातात कुठे?

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

दृष्टिपटलावर काम सुरू करतोयस, फार आनंद झाला. रिचर्ड यंग यांचं काम आधी नीट समजून घे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी एक प्रश्न धरून ठेवला: रॉड पेशीच्या, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशीच्या, बाह्यखंडात (प्रकाश टिपणाऱ्या भागात) नाण्यांच्या चळतीसारख्या शेकडो चकत्या असतात, त्या जन्मभर त्याच राहतात का?

पद्धत अशी. ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) जोडलेलं अमिनो आम्ल प्राण्याला टोचायचं. बाह्यखंडाला लागून असलेल्या अंतःखंडात त्याचं प्रथिन बनतं. मग ठरावीक अंतराने डोळे फिक्स करून (रसायनात टिकवून) पातळ छेद घ्यायचे, अंधारात काचेवर फोटोग्राफिक इमल्शन (फोटोफिल्मवरचा लेप) चढवायचं, बरेच दिवस थंडीत ठेवून डेव्हलप करायचं. किरणोत्सर्ग असेल तिथे चांदीचे काळे कण उमटतात. ट्रिशियमचे इलेक्ट्रॉन जेमतेम एक-दोन मायक्रॉन जातात, त्यामुळे जागा नेमकी कळते. मात्र छेद जाड केलास तर खालच्या भागाची नोंदच होत नाही. पेटीत ओल शिरली तर सुप्त प्रतिमा (डेव्हलप होण्याआधीची अदृश्य खूण) विरते. इमल्शन घासलं किंवा उजेड लागला तर भलतीकडेच कण दिसतात. म्हणून किरणोत्सर्ग नसलेला छेद सोबत ठेवच.

1967 साली त्यांनी दाखवलं, की कणांचा पट्टा बाह्यखंडाच्या मुळाशी तयार होतो आणि टोकाकडे सरकतो. उंदरात या प्रवासाला सुमारे 10 दिवस लागतात, बेडकात कित्येक आठवडे. तरी खंडाची लांबी वाढत नाही! टोकाच्या चकत्या जातात कुठे? 1969 मध्ये यंग आणि डीन बोक यांना तोच पट्टा शेजारच्या रंगद्रव्य-थराच्या पेशींत सापडला. त्या पेशी चकत्या गिळून पचवतात. मला या सगळ्यात हा शोध सर्वात देखणा वाटतो.

रंग ओळखणाऱ्या कोन पेशींत मात्र पट्टा दिसत नाही. तिथल्या चकत्या बाहेरच्या पटलाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे खूण खंडभर पसरते. पट्टा नाही म्हणजे नूतनीकरण नाही, असं समजू नकोस. टोकं कोन पेशीही टाकतात.

आरसीएस जातीच्या उंदरात गिळण्याचं काम बिघडलेलं असतं. मलबा साचतो, रॉड पेशी मरतात, उंदीर आंधळा होतो. दोष मर्टक जनुकात आहे, आणि ते जनुक काम करतं ते रंगद्रव्य-थरात.

अजून एक. मॅथ्यू लवेल यांनी 1976 मध्ये दाखवलं, की उंदराच्या रॉड पेशी सकाळी दिवे लागल्यानंतर थोड्याच वेळात एकदम चकत्या टाकतात. दुपारी उशिरा डोळे काढलेस तर गिळलेले तुकडे कमी दिसतील आणि निरोगी उंदीरही तुला आजारी वाटेल. पिंजऱ्याचे दिवे किती वाजता लागतात आणि डोळा किती वाजता फिक्स केला, दोन्ही वेळा प्रत्येक नमुन्यावर लिहीत जा.

तुझा,
अभय