पदवी पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या न जुळणाऱ्या नोंदींबाबत सूचना

नाशिक शहरातील तसेच निफाड, सिन्नर व दिंडोरी तालुक्यांतील महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांत काम करणाऱ्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पदवी-स्थितीची (कोणाची पदवी पूर्ण झाली व कोणाची नाही, याची) यादी पाठविल्यानंतर ज्या नोंदी ‘जुळत नाही’ म्हणून परत येतात, त्या नव्याने भरू नयेत; तसे केल्यास एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी तयार होतात आणि घोळ वाढतो.

प्रथम नाव तपासावे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी व आईचे नाव शेवटी असते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. अपारची (विद्यार्थ्याच्या कायम शैक्षणिक ओळख क्रमांकाची) नोंद आधारवरील नावाशी पडताळली जात असल्याने केवळ क्रमाच्या किंवा इंग्रजी स्पेलिंगमधील एखाद्या अक्षराच्या फरकानेही जुळणी अडते. विवाहानंतर नाव बदललेले असल्यास राजपत्राची प्रत घेतल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

अपार क्रमांक १२ अंकी असतो आणि आधार क्रमांकही १२ अंकीच, त्यामुळे एकाच्या रकान्यात दुसरा भरला जाणे ही नेहमीची चूक आहे. एक्सेलमध्ये १५ अंकांपुढील अंक शून्य होतात आणि सुरुवातीचे शून्य गळते, म्हणून विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाचा (पीआरएन) रकाना आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा. (फाइल उघडून नंतर स्वरूप बदलल्याने गेलेले अंक परत येत नाहीत.)

एटीकेटी (पुढील वर्गात गेल्यावरही मागील अनुत्तीर्ण विषय) शिल्लक असलेल्या विद्यार्थ्यास ‘उत्तीर्ण’ दाखवू नये, आणि दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्यास ‘शिक्षण सोडले’ असेही लिहू नये.