बाबांचा डोळा आणि ती लाइटची ट्रीटमेंट

आई, बाबा,

काल फोनवर धड बोलणं झालं नाही, ओपीडी तुडुंब होती. म्हणून आता निवांत लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, बाबांना मोबाइलमध्ये डोळे घालू देऊ नकोस.

उसाची पात लागून बाबांच्या बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, जखम होऊन इन्फेक्शन झालंय, त्यावर लाइटच्या ट्रीटमेंटचा मामाने पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा बघितला. लाइट टाकून डोळ्यातले जंतू मारतात हे खोटं नाहीये. बुबुळावर पिवळे थेंब घालत राहतात, ते रायबोफ्लेविन म्हणजे आपलं बी-२ व्हिटॅमिनच, मग त्यावर 365 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट लाइट सोडतात, त्यातून असा ऑक्सिजन तयार होतो की जंतूंचं कवच, डीएनए सगळं खराब होतं, शिवाय बुबुळाचे धागे एकमेकांना घट्ट धरतात त्यामुळे जखमेपाशी बुबुळ विरघळत जायचं थांबतं. जर्मनीत ड्रेस्डेनला हे केराटोकोनससाठी निघालं, बुबुळ पातळ होऊन पुढे येतं ना त्यासाठी, 2003 मध्ये त्याचे पहिले रिझल्ट छापून आले आणि इन्फेक्शनसाठी वापर नंतर सुरू झाला. औषधांना दाद न देणारे जंतूही यात मरू शकतात, म्हणून मला स्वतःला यातून खूप आशा वाटते.

पण बाबा, तुम्हाला आत्ता ते नको. बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि या लाइटचा जोर वरच्या 300 मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे 0.3 मिलिमीटर, जखम त्याच्या खाली गेली असेल तर तिथे पोचतच नाही, आणि बुबुळ पातळ झालं असेल तर आतल्या पेशींनाच इजा व्हायची भीती. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलमध्ये फंगसच्या पेशंटवर औषधांसोबत हे करून बघितलं, 2020 मध्ये रिझल्ट आला, फायदा दिसला नाही, उलट नजर थोडी कमीच राहिली. उसाची पात लागली की फंगसचीच धास्ती असते, म्हणून तर डॉक्टरांनी जखम खरवडून सँपल पाठवलं होतं. तुमचा रिपोर्ट बॅक्टेरियाचा आलाय आणि थेंब लागू पडतायत, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका तिळाएवढा झालाय असं आईच म्हणाली ना. मग चालू औषध सोडून लाइटच्या मागे कशाला लागायचं?

उद्या डॉक्टर स्वतःच म्हणाले की करूया, तर घाबरू नका. डोळा सुन्न करून आडवं झोपवतात, नेहमीच्या पद्धतीने अर्धा तास लाइट. पण घरी उन्हाकडे बघणं, टॉर्च मारणं असलं काही करायचं नाही, त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

आणि मेडिकलमधून आणलेली ती पहिली बाटली अजून खिडकीत असेल तर टाकून द्या. त्यात स्टिरॉइड होतं, लाली दोन दिवस गेली आणि आत जखम वाढत राहिली. तेव्हा मी फोनवर बाबांवर ओरडले, त्याचं अजून वाईट वाटतंय. पाचट काढताना पात लागली यात तुमची काय चूक.

दर तासाचा थेंब चुकवू नका, रात्रीचाही. दोन बाटल्यांच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, फ्रिजमधली फ्रिजमध्येच ठेवा. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय, रविवारी रात्रीचे सगळे थेंब मी घालीन, आई तू अलार्म न लावता झोप.

तुमची,
ताई