लॉन लावणार बिल्डर, पाणी घालणार रहिवासी

संपादक साहेब, नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाड, जिथं बघाल तिथं नव्या स्कीम चालू आहेत आणि बहुतेक जाहिरातींत गेटच्या आत शिरलं की हिरवंगार लॉन, कडेनं पामची रांग आणि मधे कारंजं असतंच. बघायला छान वाटतं, फ्लॅट घेताना आम्हालाही वाटलं. पण ते लॉन जिवंत ठेवायचं म्हणजे काय ते ताबा मिळाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात कळतं, कारण तेव्हा बिल्डर निघून गेलेला असतो आणि टँकरचं बिल सोसायटीच्या नावानं यायला लागतं.

जरा हिशोब करून बघा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये लॉनला दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे ५००० चौरस फुटांचं लॉन असेल तर रोज साधारण २३०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप माणशी १३५ लिटर आहे, त्या मापानं हे सतरा माणसांचं रोजचं पाणी झालं. दर दोन दिवसांनी ५००० लिटरचा एक टँकर नुसत्या गवताला, आणि एवढं करून त्यावर कुणी बसतही नाही कारण पाटी असते "लॉनवर चालू नये".

लोक म्हणतात आपल्याला काय कमी आहे, कृष्णा दारातनं वाहते. अहो पण २०१९ ला घरात पाणी आणणारी हीच नदी उन्हाळ्यात आयर्विन पुलाखाली कशी दिसते ते आपण सगळे बघतोच, आणि मग कोयनेतनं कधी सोडणार म्हणून डोळे लावून बसायचं. जत, आटपाडीकडं म्हैसाळ नि टेंभू योजनांचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून न्यावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतनं रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पिण्याचं पाणी गेलं ते तर सगळ्या देशानं बघितलं. त्याच मिरजेत पिण्याचं पाणी शोभेच्या गवतावर ओतलं जातं ते बघून खरंच मनाला लागतं.

आता नियमांचं. २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती. त्यात एक एकराच्या आसपास म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवायची किंवा मुरवायची सोय करावी लागते, मोठ्या स्कीमना सांडपाण्याच्या फेरवापराचीही तरतूद आहे. चांगलंच आहे. पण त्या मोकळ्या जागेत जी बाग होणार ती वर्षाला किती पाणी पिणार हे परवानगी देताना कुणी विचारतंय असं दिसत नाही. झाडं किती लावली ते मोजतात, त्यांना पाणी किती लागेल ते नाही.

हे विचारता येतं, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात ते विचारतात. २०१५ च्या दुष्काळात तिथल्या राज्यानं बागेच्या पाण्याबद्दलचा आपला जुना नमुना नियम कडक केला आणि प्रत्येक शहराला सांगितलं की एकतर हा घ्या नाहीतर निदान एवढाच परिणाम साधणारा स्वतःचा करा. नवीन बांधकामाबरोबर ५०० चौरस फूट बाग होणार असेल तरी तो लागू होतो, म्हणजे आपल्याकडचा अर्धा गुंठासुद्धा नाही! त्या भागातल्या बाष्पीभवनावरनं बागेचं पाण्याचं बजेट काढायचं, घरांच्या बागेला त्याच्या ५५ टक्के आणि ऑफिस-दुकानांच्या बागेला ४५ टक्के धरायचं, आणि झाडं नि ठिबकची रचना त्या बजेटात बसवून दाखवायची. सारखं पाणी लागणारी झाडं एका गटात ठेवायची, १० फुटांपेक्षा अरुंद पट्ट्यात गवत नाही, झाडांखाली ३ इंच आच्छादन. मला सगळ्यात पटलं ते म्हणजे भाजीपाला, फळझाडं आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यावरच्या बागेला तिथं जास्त पाणी धरलेलं आहे, म्हणजे परसबाग करणाऱ्याला त्रास नाही.

आणि यातलं आपल्याला नवीन काय आहे सांगा? बाष्पीभवन बघून किती लिटर सोडायचं हे तासगावचा द्राक्षबागायतदार कित्येक वर्षं करतोय, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्लेही त्याच हिशोबानं येतात. आच्छादन म्हणाल तर उसाचं पाचट आपल्याकडं ढिगानं आहे, ते पेटवून देण्यापेक्षा बागेत दोन-तीन इंच पसरलं तर माती गार राहते आणि ओल टिकते. शेतकऱ्याला आपण ठिबक कर म्हणून सांगतो, अनुदान देतो, आणि शहरातल्या शोभेच्या बागेला मात्र मोकळा पाईप.

मी झाडांच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, उलट झाडं वाढली पाहिजेत. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन ही झाडं पहिली दोन-तीन वर्षं जपली की पुढं जवळजवळ पावसावर तगतात आणि सावली देतात, जी लॉन कधीच देत नाही. कुंपणाला मेंदी, अडुळसा, कोरांटी चालते. मुलांना खेळायला गवत हवं तर तेवढ्यापुरतं ठेवा की, त्याला कोण नाही म्हणतंय. पण गवत काढून सगळीकडं पेव्हर ब्लॉक बसवायचे ही दुसरी पळवाट नको, त्यानं उन्हाळ्यात अंगण तापतं आणि पावसाचं पाणी मुरत नाही. नियम करताना हे स्पष्ट लिहिलंच पाहिजे, नाहीतर पाणी वाचवलं म्हणून सगळी स्कीम सिमेंटची होईल.

मुख्य मुद्दा असा की लॉन ठरवतो एकजण आणि वीस-तीस वर्षं त्याचं पाणी भरतो दुसराच. म्हणून ही अट सोसायटी झाल्यावर घालून उपयोग नाही, बांधकाम नकाशाबरोबरच बागेचा नकाशा आणि पाण्याचा हिशोब घ्यायला पाहिजे, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी कुणीतरी जागेवर जाऊन ठिबक खरंच बसवलंय का, बागेला वेगळा मीटर आहे का ते बघायला पाहिजे. कागदावर सगळं असतं, पावसाच्या पाण्याच्या खड्ड्यांचंही कागदावर असतं, आमच्याकडं त्या खड्ड्यात आज राडारोडा आहे.

नियमावली राज्याची आहे म्हणून बदल वरनंच व्हावा लागेल हे मान्य, पण महापालिकेनं तसा ठराव करून पाठवायला कुणाची आडकाठी आहे? तोपर्यंत निदान ज्या सोसायट्या लॉन काढून देशी झाडं नि ठिबक करतील त्यांना घरपट्टीत थोडी सूट द्यावी. आणि नवीन फ्लॅट बघायला जाणाऱ्यांनी बिल्डरला एवढं नक्की विचारावं की मे महिन्यात या बागेला रोज किती लिटर लागणार आणि ते कुठनं येणार, उत्तर लेखी मागा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली