मुलांच्या लघवीचे नमुने जपून ठेवायला हवेत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

प्लास्टिकचे डबे, खेळणी आणि लहान मुलांची क्रीम यांतील रसायनांविषयी वृत्तपत्रांतून जे लिहून येते, ते बहुधा काय वापरावे आणि काय टाळावे या सल्ल्यापाशी संपते. ही रसायने मुलांच्या शरीरात प्रत्यक्ष किती पोचतात, हा त्याआधीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर केवळ दुकानातील वस्तू तपासून मिळत नाही. जर्मनीतील एका प्रकरणातून हे फार स्पष्टपणे दिसले.

तेथील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याची पर्यावरण यंत्रणा दर तीन वर्षांनी बालवाडीतल्या मुलांच्या लघवीचे नमुने घेते आणि त्यांत प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट वर्गातील रसायने, तसेच सौंदर्यप्रसाधने टिकावीत म्हणून घातली जाणारी पॅराबेन यांचे प्रमाण मोजते. २०२४च्या सुरुवातीला या यंत्रणेने जाहीर केले की २०२०-२१च्या ६१ टक्के नमुन्यांत मोनो-एन-हेक्झिल थॅलेट सापडले आहे. हा पदार्थ ज्या प्लास्टिसायझरपासून, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनापासून, शरीरात तयार होतो, तो प्रजननास घातक ठरलेला असून युरोपीय संघाने २०१३मध्येच त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले होते. मग तो तीन-चार वर्षांच्या मुलांपर्यंत पोचला कसा? शोध घेता घेता माग लागला तो सनस्क्रीनचा. अतिनील किरण अडवणाऱ्या एका घटकाच्या निर्मितीत हे प्लास्टिसायझर उपपदार्थ म्हणून तयार होत होते आणि त्याचा अंश त्या घटकात तसाच राहत होता. वेष्टनावर घटकांची नावे असतात, अशुद्धींची नसतात. त्यामुळे प्रत्येक बाटलीवरचा बारीक मजकूर वाचणाऱ्या आईलाही हे कळण्याची सोय नव्हती. बहुतेक मुलांमधील प्रमाण लगेच आजार व्हावा एवढे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे यंत्रणेने जुने नमुने गोठवून जपून ठेवले होते. ते पुन्हा तपासल्यावर २०१७-१८मध्ये हेच प्रमाण २६ टक्के होते, असे दिसले. जुने नमुने फेकून दिले असते, तर हा पदार्थ पूर्वीपासूनच होता की नव्याने वाढला, हे सांगणे कोणालाही शक्य झाले नसते.

लघवीच का, असे अनेक जण विचारतात. थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत. त्यांचे विघटन होऊन काही तासांतच ते लघवीवाटे बाहेर पडू लागतात. शिवाय मूळ थॅलेट प्रयोगशाळेच्या नळ्या-बाटल्यांतूनही नमुन्यात मिसळू शकते, पण शरीराने विघटन करून तयार केलेला पदार्थ सहसा तेथून येत नाही, म्हणून मोजायचा तो हाच. पॅराबेनच्या बाबतीत मूळ पदार्थच मोजायचा असतो, ही सोय नसते, म्हणून अधिक जपावे लागते. नमुना घेण्यापूर्वी मुलाला ओल्या वाइपने पुसले, तर वाइप टिकावा म्हणून त्यात घातलेले पॅराबेनच मोजले जाण्याची शक्यता असते. लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे, हे पाहण्यासाठी क्रिएटिनिन हा शरीरातून लघवीवाटे नेहमी बाहेर पडणारा पदार्थही मोजतात. आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत ‘कोरा नमुना (म्हणजे तपासायचा पदार्थ न घातलेला नमुना) आधी तपासा’ असे बजावत आलेल्या माझ्यासारखीला ही काटेकोर शिस्त विशेष भावते.

याच कारणामुळे पालकांनी मुलांची अशी तपासणी खासगीरीत्या करून घ्यावी, असे मी मुळीच सुचवणार नाही. काल काय खाल्ले आणि आज सकाळी कोणते क्रीम लावले, यावर आकडा बदलतो. एका मुलाच्या एका नमुन्यावरून घरात निष्कारण काळजी तेवढी शिरेल. अर्थ लावता येतो तो शेकडो-हजारो मुलांच्या, ठरावीक वर्षांनी पुन्हा घेतलेल्या नमुन्यांचा, आणि हे काम सरकारी यंत्रणेचेच आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या सहकार्याने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५० हजारांहून अधिक मुलामुलींचे जैविक नमुने घेतले गेले आणि त्यांतील लघवीच्या नमुन्यांत आयोडीनचे प्रमाण मोजले गेले. गावोगावी जाऊन, पालकांची संमती घेऊन, नमुने थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची अवघड व्यवस्था म्हणजे आपण एकदा उभी केलेली आहे. दुसरीकडे, १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले आणि त्या मानकांत थॅलेटची मर्यादाही आहे. या सक्तीमुळे मुलांच्या शरीरात जाणारे थॅलेट खरोखर घटले का, हे पाहायचे तर मुलांमध्येच मोजमाप करायला हवे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. यापुढे मुलांच्या लघवीचे नमुने घेणारे कोणतेही राष्ट्रीय सर्वेक्षण होईल, तेव्हा त्यांतील काही नमुन्यांत थॅलेटचे विघटित पदार्थ आणि पॅराबेन मोजावेत. तशी संमती पालकांकडून स्वतंत्रपणे घ्यावी आणि निष्कर्ष त्यांना समजेल अशा भाषेत कळवावा. उरलेली लघवी मात्र टाकून देऊ नये. आज ज्या रसायनाचे नावही तपासणीच्या यादीत नाही, ते दहा वर्षांनी शोधावे लागले, तर तेव्हाच्या संशोधकाला गोठवलेल्या त्या नमुन्यांखेरीज दुसरा आधार नसेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली