प्रत्येक पाळक ‘फादर’ नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर नाताळाला मराठी वर्तमानपत्रांत होते तेच यंदाही झाले. जालन्यातल्या आमच्या पाळकसाहेबांना बातमीत ‘फादर’ केले गेले. ‘फादर’ म्हणजे कॅथोलिक धर्मगुरू; आम्ही प्रॉटेस्टंट, आमचा धर्मगुरू तो पाळक. कोणी म्हणेल, शब्दाचा कीस कशाला काढता? पण या शब्दामागे ख्रिस्ती मंडळींतला फार जुना वाद आहे : प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस, देण्याचा अधिकार आला कुठून?

कॅथोलिक मानतात की प्रेषितांनी, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांनी, आपल्यामागून येणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांच्या, आणि ती साखळी आजच्या बिशपांपर्यंत अखंड आली. विधीचे शब्द आणि हेतू बदलले म्हणून ती तुटली, असे सांगून पोप तेरावे लिओ यांनी 1896 मध्ये अँग्लिकनांची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांची, धर्मगुरुपदाची दीक्षाच रद्दबातल ठरवली.

जालन्यात काम उभे केले ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल गाव वसवले. या परंपरेत बिशप नव्हताच. अधिकार ‘वडिलांच्या’, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या, सभेचा, आणि प्रेषितांचा वारसा म्हणजे त्यांची शिकवण. बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 20 : ज्यांना आधी ‘वडील’ म्हटले, त्यांनाच पुढे ‘अध्यक्ष’, म्हणजे बिशप, म्हटले आहे. आजोबा त्या ओळींवर बोट ठेवून तासन्‌तास वाद घालत.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चे, मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तेव्हा बिशप मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. कोणाच्या दीक्षेत काय उणे होते, ते देवावर सोडले. एवढे मन मोठे करणे सोपे नव्हते.

तरी भिंत उरलीच. भाचीच्या लग्नात, कॅथोलिक चर्चमध्ये, माझी ऐंशी वर्षांची आई डोक्यावर पदर घेऊन प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहिली. तिला हळूच बाजूला घेतले. अपमान कोणी केला नाही, त्यांचा नियमच तसा आहे. घरी येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “त्यांचा येशू येगळा हाय का?”

त्या नियमामागचा विचार मला कळतो, पटत नाही. प्रेषित पौलाला तर प्रेषितपण कोणा माणसाकडून मिळाले नव्हते, हे तो स्वतःच बायबलमधल्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो.

सरसकट ‘फादर’ लिहिले की ही भिंतही दिसत नाही आणि ती ओलांडणारी माणसेही. बातमी देण्याआधी एवढेच विचारून घ्यावे : फादर की पाळक? आमच्यात असे विचारल्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

आपला,
एक वाचक, जालना