मेस्सीनं सोडलं की मेस्सीला सोडलं

टिळकवाडी, बेळगाव
रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

फोनच करणार होतो, पण फोनवर मी हे नीट बोलणार नाही हे मला माहीत आहे आणि तुला पण, म्हणून लिहायलोय. जेवण झालं की सावकाश वाच.

काल संध्याकाळी लेले मैदानावर गेलतो. प्रॅक्टिस संपवून पोरं भिंतीकडेला भडंग खात बसलेली आणि विषय काय तर मेस्सी. एकजण म्हणायलाय मेस्सीनं बार्सा, म्हणजे त्याचा बार्सिलोना क्लब, सोडलं, पैशासाठी पॅरिसला गेला, पेपरात तसंच आलेलं की. दुसरा म्हणतोय खोटं आहे, बार्सानं मेस्सीला सोडलं. क्रियापद तेच, नुसता कर्ता बदलला की सगळी गोष्टच उलटी होते बघ. त्यांच्याजागी मला तू आणि मी दिसलो.

५ ऑगस्ट २०२१ चा दिवस तू विसरला नसशील. सकाळी टोकियोत हॉकीचं ब्राँझ आलं, ४१ वर्षांनी मेडल, आमचे बाबा दिवसभर १९६४ चं टोकियो आणि आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांचं गोल्ड हेच सांगत बसलेले, आणि रात्री अकरानंतर बार्सानं मेस्सी थांबणार नाही म्हणून जाहीर केलं आणि तुझा एका शब्दाचा मेसेज आला, संपलं. दुसऱ्या दिवसापासून सरकारनं बॉर्डरच्या जिल्ह्यांना वीकेंड कर्फ्यू लावला, तरी रविवारी तू मागच्या बोळातून आमच्याकडे आलास आणि साडेतीनला आपण दोघांनी मोबाईलवर मेस्सीच्या निरोपाची ती प्रेस कॉन्फरन्स बघितली. १३ वर्षांचा असताना आलेलं पोरगं, ७७८ मॅच, ६७२ गोल, आणि तिथं उभा राहून बोलायच्या आधीच रडायला लागला. तुझ्या पण डोळ्यात पाणी आलं. आणि मी काय म्हणालो तर, रडायला काय जातंय, चार वर्षांत ५५ कोटी युरो घेतलेत त्यानं, क्लब खाल्ला.

ते वाक्य माझं नव्हतंच रे. त्या जानेवारीत स्पेनच्या एल मुंदो पेपरनं त्याचं काँट्रॅक्ट फोडलं होतं, साडेपंचावन्न कोटींचा आकडा हेडिंगात आणि वर क्लब याच्यामुळेच बुडाला असा सूर. मी तेवढंच डोक्यात घेऊन बसलेलो. शिवाय २०२० चा तो बुरोफॅक्स, म्हणजे स्पेनमधलं कायदेशीर नोटिशीसारखं पत्र, जर्मनीच्या बायर्न क्लबकडून ८-२ नं हरल्यावर मला जाऊ द्या म्हणून त्यानंच पाठवलेला. त्या कागदामुळे पुढच्या वर्षी कुणी काय पण छापलं तरी लोकांना पटत होतं, मला पण पटलं.

तू तेव्हा शांतपणे एकच विचारलास, पैसाच पाहिजे होता तर निम्म्या पगारावर पाच वर्षं थांबायला तो तयार कसा झाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. आता नीट वाचलंय तर चित्र वेगळंच दिसतं. ला लिगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, प्रत्येक क्लबला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा ठरवून देतात, ती कमाईवर असते, आणि कोरोनात स्टेडियम रिकामं पडल्यावर बार्साची मर्यादा धाडकन खाली आली. १३५ कोटी युरोचं कर्ज. क्लबचे अध्यक्ष लापोर्तांनी स्वतः सांगितलं की मेस्सी धरला तर पगारच कमाईच्या ११० टक्के होतात आणि तो नसला तरी ९५ टक्के. म्हणजे तो गेला तरी घर जळतच होतं! आधीच्या काही वर्षांत भरमसाट पैसे देऊन आणलेले खेळाडू, वाढवलेले पगार, ते काय मेस्सीनं सही करून आणलेले? त्याच आठवड्यात लीगनं सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीबरोबर २७० कोटी युरोचा करार पुढे केला, त्यातून वाट निघाली असती, पण पुढच्या ५० वर्षांचे टीव्हीचे पैसे अडकतात म्हणून क्लबनं नकार दिला. तो नकार बरोबर असेल पण, मी त्यावर भांडत नाही. पण तो निर्णय क्लबचा होता, आणि हेडिंगात नाव छापलं मेस्सीचं.

आणि आपल्याला हे कळू नये? १ नोव्हेंबरला एका पेपरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्यात काळ्या दिनाची फेरी, शहर तेच, दिवस तोच. गावाचं नाव बेळगाव छापलंय की बेळगावी, एवढ्यावरनं आतली बातमी कशी असणार ते आपण लहानपणापासून ओळखतो. तरी स्पोर्ट्सचं पान उघडलं की आम्ही ही सगळी अक्कल बाजूला ठेवतो. पुढच्या वर्षी रोनाल्डोचं उलट झालं, २२ नोव्हेंबर २०२२ ला मँचेस्टर युनायटेडनं परस्पर संमतीनं वेगळे होतोय असं लिहिलं आणि लोक हकालपट्टी हकालपट्टी म्हणत बसले. तिथं तरी त्यानं मुलाखतीत क्लबवर उघड टीका केल्यानंतर दोन्ही बाजूंना नकोच होतं, त्यामुळे मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही.

आता जे सांगायला बसलोय ते. तुझा गुडघा गेल्यावर आपल्या टीमनं तुला कमी केलं, तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या होत्या की वैयक्तिक कारणामुळे तू टीम सोडलीस. तू त्या वार्ताहरावर चिडलास, मला म्हणालास अरे न विचारता कसं छापतात हे लोक. ते त्यानं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. सेक्रेटरी म्हणून प्रेस नोट मीच टाइप केली, व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि गावच्या पानावर तसंच होतं, प्रेस नोट जशीच्या तशी लागते. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले असं घालूया, त्याचा मान पण राहील आणि टीमचा पण. मी मान डोलावली. तुला विचारलं नाही. लोक तुला रस्त्यात विचारत राहिले, का रे सोडलास, आणि तू प्रत्येकाला खुलासा करत फिरलास, मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. तुझ्या डोळ्यात मेस्सीला बघून पाणी आलेलं, त्याच माणसाला मी तेच केलं.

माफी माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही. काल त्या पोरांचं ऐकल्यापासून जेवण गेलेलं नाही.

आज सकाळी कमिटीत सांगितलं, दोघे गप्प बसले, एकजण म्हणाला जुनं उकरू नको. वार्ताहराला फोन केला तर तो म्हणाला आता ही बातमी होत नाही, ते पण खरंच आहे. मग मी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहिल्यात: टीमनं खेळाडूला कमी केलं, कारण गुडघ्याची दुखापत, निर्णय कमिटीचा, आधीची प्रेस नोट चुकीची होती आणि ती मी लिहिली होती. अजून पाठवलेलं नाही. यावेळी तू आधी वाच. काही बदलायचं असलं तर बदल, नकोच म्हणालास तर टाकणार नाही.

पुण्यात पाऊस लागलाय म्हणतात, गुडघ्याला जप. आईनं तुझ्यासाठी कुंदा बांधून ठेवलाय, गणपतीला येशील तेव्हा देते म्हणाली तर मी म्हटलं तोवर राहायचा नाही तो, उद्या बसनं पाठवतोय.

तुझाच,
मागच्या बोळातला