यंदा मी बडोद्याला परतत नाही

पुणे, 9 मार्च

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जाते आणि आईचा आवाज ऐकला की विषय बदलते. गेले तीन रविवार असेच झाले, म्हणून आता लिहिते आहे. बडोद्याची नोकरी मी नाकारली आहे. तसे पत्र सोमवारी पाठवूनही दिले. 1 एप्रिलपासून दोन वर्षांसाठी मी चंद्रपूरला जाणार आहे. जिल्ह्यात दारू किती प्यायली जाते आणि तिच्यापायी किती माणसे आजारी पडतात, किती दगावतात, याची मोजणी करणारे ते काम आहे. बाबा, बडोद्याच्या त्या जागेसाठी तुम्ही या वयात किती जणांच्या घरी जाऊन आलात हे मला ठाऊक आहे, आणि आईने माझ्यासाठी मागच्या खोलीला रंग लावून घेतला हेही बेबीताईने मला सांगितले. तुमच्या मायेला मी पाठ फिरवते आहे असे कृपा करून समजू नका.

डॉक्टर होऊन दारोदार प्रश्न विचारत हिंडायचे का, असे तुम्ही म्हणाल. वॉर्डात पोटात पाणी साठलेला, डोळे पिवळे पडलेला माणूस माझ्यासमोर येतो, तेव्हा बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षे उशीर झालेला असतो. तो कधी प्यायला लागला, किती पीत होता, कोणती पीत होता, हे कोणीच कुठे लिहून ठेवलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 26 लाख मृत्यू दारूमुळे झाले. एवढ्या मोठ्या आकड्यात आपल्या गल्लीतले किती आणि आपल्या घरातला एक धरला गेला की नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

भाऊकाकांबद्दल आपण घरात कधी बोललो नाही, आणि आजही मी कोणाला दोष देत नाही. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी "यकृताचा सिरोसिस" एवढेच लिहिले; त्यामागचे कारण लिहू नये म्हणून तुम्ही त्यांना हात जोडलेत. बेबीताईचे लग्न ठरत होते आणि आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. पण आता मला त्या कोऱ्या राहिलेल्या जागेचा अर्थ कळतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दारूने झालेल्या यकृतविकाराचा क्रमांक के 70 आहे. दारूचा उल्लेख नसेल तर तोच सिरोसिस के 74 मध्ये जातो. त्या एका शब्दाअभावी भाऊकाका दारूच्या हिशेबातून कायमचे निसटले. 1989 साली बडोद्यात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हाचे तुम्ही सांगता, बाबा, की डोळ्यांना दिसेनासे झालेली माणसे रिक्षांतून उतरवत होते. ती माणसे मोजली गेली, कारण ती एकदम गेली. आपले भाऊकाका बारा वर्षे जात होते.

मोजणे किती अवघड आहे हे तुम्हाला सांगायला हवे, म्हणजे हे काम मला क्षुल्लक का वाटत नाही ते कळेल. एरवी दारूच्या विक्रीवरून, म्हणजे कराच्या कागदांवरून, 15 वर्षांवरील माणशी किती लिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जाते हे काढतात आणि नोंद नसलेल्या दारूचा अंदाज त्यात मिळवतात. जिथे बंदी आहे तिथे पहिली बाजू जवळजवळ रिकामी आणि सारा भार अंदाजावर. मग उरते विचारणे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या जवळजवळ एकोणीस पुरुषांनी दारू पितो असे सांगितले, गुजरातेत जेमतेम सहांनी. यातले किती श्रेय बंदीचे आणि किती संकोचाचे, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. ओसरीवर शेजारी बसलेले असताना परक्या माणसाला खरे कोण सांगणार? चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, म्हणून ही गुंतागुंत तिथे दोन्ही अंगांनी पाहता येते. ते मला इथे बसून शिकता आले नसते.

तिथे माझे हाल होतील ही काळजी करू नका. राहण्याची खोली पहिल्या मजल्यावर आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, घरमालकीणबाई नागपूरकडच्या असून दोन्ही वेळचा डबा देणार आहेत. उन्हाळा फार कडक असतो, म्हणून कूलर आधीच बसवून घेतला आहे आणि गावांमध्ये आम्ही सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परतणार आहोत. आई, तुझी पातळ रजई आणि लोणच्याची बरणी बरोबर नेते आहे. भाकरवडी मात्र कोणाबरोबर तरी पाठव, तिकडे आपल्यासारखी मिळणार नाही.

काल सामान आवरताना जुने कॅलेंडर सापडले. आईने त्यावर दुधाचे खाडे मांडले आहेत, अर्धा लिटर जास्त घेतले त्या तारखेला बारीक अधिकची खूण. बाबा, महिनाअखेरीला तुम्ही मला मांडीवर घेऊन ते खाडे मोजायला लावायचात आणि बरोबर आले की कमाटीबागेत झुकझुकगाडीत बसवायचात. माझे मोजणे तिथून सुरू झाले. ज्या घरात दुधाचा एक पेला हिशेबाबाहेर राहिला नाही, तिथे माळ्यावरच्या बाटल्या आपण कोणीच मोजल्या नाहीत. मलाही त्या दिसत होत्या. मी बारा वर्षांची होते आणि गप्प राहिले.

म्हणून आता बाबा, तुमच्याविषयी. तुमचे दारूचे परमिट तब्येतीच्या कारणावरचे आहे, कायदेशीर आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही, आणि तुमची भाऊकाकांशी तुलना तर मी स्वप्नातही करणार नाही. पण "रोज एकच पेग" हे माप खरे नाही. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेले असते. 60 मिलिलिटरमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक माप धरतात ते 10 ग्रॅमचे. म्हणजे तुमचा एक तो दोन, आणि स्टीलच्या पेल्यात अदमासाने ओतलात तर तीनही. तुमचा रक्तदाब वाढलेला आहे, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे, आणि रात्री तुम्ही अंधारात उठता.

तेव्हा एवढे कराच. औषधाच्या बाटलीबरोबर येते तसले मापाचे झाकण वापरा. या आठवड्यात रक्तदाबाच्या डॉक्टरांना भेटा, यकृताची रक्ततपासणी करून घ्या, आणि रोजचे प्रमाण विचारले की ग्रॅममध्ये सांगा, लाजू नका. अंगदुखीवर स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल घेत जाऊ नका. कमी करायचे ते त्यांच्या सल्ल्याने हळूहळू. एकदम बंद करू नका, भाऊकाकांना आपण खोलीत बसवून बंद केली तेव्हा त्यांना फीट आली होती ती मी विसरलेले नाही. आई, तू बाटली लपवू नकोस आणि भांडूही नकोस. न्हाणीघराच्या वाटेवर छोटा दिवा रात्रभर राहू दे.

आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, बाबांनी स्वतःच्या हाताने रोज आकडा लिहावा: किती मापे. शून्य असेल तर शून्य. मी विचारणार नाही, रागावणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस येते आहे, तेव्हा रंगवलेल्या खोलीतच झोपेन. तोवर एप्रिलचे पान भरले की फोटो काढून पाठवा, आणि दुधाचे खाडे त्यातच दिसू देत.

तुमची,
छकुली